सहा की दहा?

"उद्या सहा किलो पाठव," असं मी दादरच्या फुलबाजारातून मावशीला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या लोकलने दहा किलो मोगरा आला. मावसभाऊ तापाने पडला होता म्हणून त्या आठवड्यात बाजार माझ्याकडे होता, आणि उरलेल्या चार किलो कळ्या माझ्या डोळ्यांदेखत पिवळ्या पडल्या. मावशी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अरे, तुझा आवाज बावखलातून आल्यासारखा घुमतो. मला त्यातलं 'हा' तेवढं कळलं."

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधला गोड्या पाण्याचा खोलगट साठा, विहिरीहून रुंद, तळ्याहून लहान. काठावर उभं राहून आत बोललं की आवाज भरल्यासारखा परत येतो. मावशीचं बोलणं मी तेव्हा तक्रार म्हणून ऐकलं. फोन उघडून बसल्यावर कळलं की तिने नेमकं निदान केलं होतं. आवाज घुमतो हे एक दुखणं, आणि 'स' पोचत नाही हे दुसरं. दोघांची ठिकाणं वेगळी आणि औषधंही वेगळी.

माझ्या खिशात तेव्हा लिनक्स फोन होता. अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सचंच कर्नल असतं, पण 'लिनक्स फोन' म्हणजे ज्यावर संगणकावरचंच मुक्त सॉफ्टवेअर चालतं असा फोन. भारताला हे अगदी नवखं नाही. सॅमसंगने टायझन या लिनक्स सिस्टिमवर चालणारा झेड१ जानेवारी २०१५ मध्ये इथेच आणला होता, ५,७०० रुपयांना. पाठोपाठ २०१६ मध्ये इंटेक्सचा सेलफिश या तशाच सिस्टिमवर चालणारा ॲक्वा फिश आला. ते फोन कंपन्यांनी कारखान्यातच जुळवून दिलेले होते. आज ज्यांना आपण लिनक्स फोन म्हणतो, ते पाइन६४ कंपनीचा पाइनफोन (माझ्याकडचा हाच), प्युरिझमचा लिब्रेम ५, किंवा पोस्टमार्केटओएस चढवलेले जुने अँड्रॉइड फोन, त्यांतली जुळणी बरीचशी स्वयंसेवकांनी केलेली असते आणि तिच्या फाइली वापरणाऱ्याला उघडून बघता येतात. म्हणून अशा फोनवर आवाज बिघडला की 'माइक खराब आहे' म्हणून गप्प बसायचं कारण नाही. आवाज तोंडापासून टॉवरपर्यंत कोणत्या वाटेने जातो ते समजून घेतलं, तर तो कुठे अडतो ते घरबसल्या शोधता येतं.

सगळ्यात आधी एक चाचणी. तिच्यात पाच मिनिटं जातात आणि अर्धं काम होतं. कॉल न लावता फोनच्या ध्वनिमुद्रण ॲपमध्ये, किंवा टर्मिनल उघडता येत असेल तर आरेकॉर्ड या आज्ञेने, स्वतःचं बोलणं अर्धा मिनिट मुद्रित करा आणि चांगले इअरफोन लावून ऐका. तिथेच आवाज दबका, फाटका किंवा घुमणारा असेल तर दोष माइक, त्यावरचं कव्हर किंवा माइकची पातळी यांत आहे. मुद्रण स्वच्छ आहे आणि तरीही कॉलवर समोरच्याला कळत नाही, तर दोष त्यापुढे, कॉलच्या वेळच्या मांडणीत, टॉवरशी बोलणाऱ्या मोडेममध्ये किंवा नेटवर्कमध्ये. ही एक रेघ आधी ओढली नाही, तर माणूस आठवडाभर सेटिंग्ज बदलत राहतो आणि अडथळा निघतो माइकच्या छिद्रातल्या कापसाचा. मी तेच केलं.

माझ्या मुद्रणातच आवाज घुमत होता. म्हणजे दोष घरातलाच.

हल्लीच्या फोनमधला माइक साबुदाण्याच्या दाण्याएवढा असतो. सिलिकॉनवर कोरलेला एक सूक्ष्म पडदा आवाजाने थरथरतो आणि त्या थरथरीची वीज होते. त्याच्यापर्यंत हवा पोचते ती फोनच्या खालच्या कडेवरच्या जेमतेम एक मिलिमीटरच्या छिद्रातून. आमच्याकडे त्या छिद्राचे शत्रू पुष्कळ. निर्मळ, भुईगाव, अर्नाळा या पट्ट्यात वारा खारा. पावसाळ्याचे चार महिने खिसा ओला, आणि लोकलच्या गर्दीत फोन शर्टाच्या आत, घामाला लागून. धूळ, कापडाचा धागा आणि ओल मिळून छिद्रात बूच बसतं आणि आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा येतो. ते काढायला सुई किंवा टाचणी घालू नये. पडदा अगदी आत नसतो, एका टोचणीत माइक कायमचा जातो. जोराची हवाही मारू नये. कोरडा मऊ ब्रश छिद्रावरून आडवा फिरवावा, फोनचं तोंड खाली धरून, म्हणजे निघालेलं आत न जाता खाली पडतं. ओल असेल तर फोन बंद करून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवावा. तांदळात पुरण्याचा घरगुती उपाय करू नका, तांदळाचा भुसा त्याच छिद्रात जाऊन बसतो.

पण बुचाने आवाज दबतो, घुमत नाही. घुमण्याचं कारण मला कव्हर काढल्यावर सापडलं. लिनक्स फोनसाठी नेमकं कव्हर मिळणं कठीण, म्हणून मी विरारच्या स्टेशनबाहेरून जवळपासच्या मापाचं घेतलं होतं. त्याचं छिद्र माइकच्या छिद्रापासून दोन मिलिमीटर बाजूला होतं. मधे एक पोकळी राहिली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकाच सुरात घुमते, कारण आतली हवा ठरावीक गतीने मागेपुढे होते. कव्हर आणि फोन यांच्यामधली ती पोकळी अशीच एक इवलीशी बाटली होती. काही सूर ती फुगवत होती, बाकीचे दाबत होती. मावशीच्या कानाने तिला बावखल म्हटलं. कव्हर काढलं, पुन्हा मुद्रण केलं आणि घुमणं गेलं.

माइकमधून काहीच येत नसेल तर पाइनफोनवाल्यांनी मागचं झाकण काढून आत बघावं. तिथे सहा बारीक खटके असतात. मोडेम, वायफाय, माइक, दोन कॅमेरे आणि इअरफोनची खाच, प्रत्येक भाग त्यांनी हार्डवेअरच्या पातळीवरच बंद करता येतो. आपलं बोलणं कोणी चोरून ऐकू नये म्हणून ही सोय आहे आणि ती मला मनापासून आवडते. पण झाकण बसवताना नख लागून तिसरा खटका सरकला, तर कितीही सॉफ्टवेअर बदललं तरी माइक मुकाच राहणार.

आता पातळी. माझी दुसरी चूक इथली, आणि ती मी स्वतःच्या हाताने केली होती. आवाज नीट कळत नाही म्हटल्यावर मी अल्सामिक्सर उघडून माइकचा बूस्ट वर नेला होता. लिनक्समध्ये आवाजाच्या हार्डवेअरशी थेट बोलणारा थर म्हणजे अल्सा, आणि अल्सामिक्सर हा त्याचा नळांचा फलक. प्रत्येक नळाचं माप डेसिबलमध्ये असतं, आणि डेसिबलचा हिशेब पायरीगणिक बेरजेचा नसून पटीचा आहे. ६ डेसिबल वाढले की लहरीची उंची साधारण दुप्पट होते. पाइनफोनच्या ऑलविनर ए६४ चिपमध्ये माइक बूस्टच्या शून्य ते सात अशा पायऱ्या आहेत. शून्यावर काहीच वाढ नाही. पहिल्याच पायरीला थेट २४ डेसिबल, म्हणजे जवळपास सोळा पट. पुढे प्रत्येक पायरीला ३ डेसिबल, सातव्याला ४२. पट्टी थोडीशी सरकवली असं वाटतं आणि आवाज सोळा पट झालेला असतो.

तो वाढला की काय होतं? फोन आवाजाची लहर आकड्यांत मोजतो. सोळा बिटांच्या मोजमापात सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. त्यापेक्षा उंच लहर आली की तिचा माथा कापला जातो, डोंगराचं पठार होतं. कापलेल्या माथ्याच्या कडांतून मुळात नसलेले सूर निर्माण होतात, आणि समोरचा म्हणतो, "आवाज फाटतोय." फाटलेला आवाज पुढे कोणत्याही टप्प्यावर कमी केला तरी सांधत नाही, कारण माथ्यावरची माहिती गेलेली असते. म्हणून पातळी लावण्याची रीत अशी ठेवावी. नेहमी फोन जितका लांब धरतो तितकाच धरायचा, नेहमीपेक्षा थोडं मोठ्याने बोलायचं, आणि मुद्रणाची पट्टी वरच्या टोकाला टेकणार नाही, वर चौथाईभर जागा उरेल, तिथे बूस्ट थांबवायचा. हळू बोलणाऱ्या माणसानेही हा नळ पूर्ण उघडू नये. विरार लोकलच्या दारात उभं राहून केलेल्या कॉलमध्ये वाऱ्याचा आवाजही त्याच नळातून सोळा पट होऊन येतो. शिवाय महागड्या फोनमध्ये वरच्या बाजूला दुसरा माइक असतो, तो आसपासचा गोंगाट मोजून वजा करतो. लिनक्स फोनवर ती वजाबाकी बहुधा होत नाही.

अल्सामिक्सरमधले नळ हाताने फिरवून कॉल लावला तरी ते जागच्या जागी राहतील याची खात्री नाही, आणि अनेक जण इथे गोंधळतात. कॉल सुरू होताच कॉलऑडिओडी नावाची एक सेवा आवाजाची मांडणी गाण्याच्या वळणावरून बोलण्याच्या वळणावर नेते. कोणत्या वळणावर कोणता नळ किती उघडायचा हे यूसीएम नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेलं असतं. म्हणून कायमचा बदल त्या फाइलीत, बोलण्याच्या भागात करावा लागतो. बदलण्याआधी मूळ फाइलीची प्रत ठेवा आणि आपण कोणता आकडा बदलला ते लिहून ठेवा, कारण पुढचं अपडेट ती फाइल पुन्हा मूळ रूपात आणू शकतं. तुम्हाला समोरचा ऐकू येतो पण तुमचा शब्दही त्याला जात नाही, अशी तक्रार असेल तर संशय आधी याच जागेवर घ्या. वळण बदललंच नसेल. कॉल कापून पुन्हा लावल्यावर किंवा फोन पुन्हा सुरू केल्यावर आवाज पोचला, तर माइक धडधाकट आहे, सांधेबदलच हुकला होता.

यापुढे मोडेम, आणि इथे लिनक्स फोनची रचना नेहमीच्या फोनपेक्षा वेगळी होते. आपल्या ओळखीच्या फोनमध्ये मोडेम मुख्य चिपच्या पोटात असतो. पाइनफोनमध्ये तो क्वेक्टेल कंपनीचा ईजी२५-जी नावाचा वेगळा भाग आहे आणि त्याच्या आत स्वतःचा प्रोसेसर आहे, त्यावर स्वतःचं छोटं लिनक्स चालतं. एका खिशात दोन संगणक आणि त्यांच्यामध्ये आवाजाच्या आकड्यांची एक तार. त्या तारेवरून सेकंदाला ८,००० आकडे जायचे की १६,००० हे दोन्ही टोकांनी एकच मानायला हवं. एकाने आठ आणि दुसऱ्याने सोळा धरलं की आवाज कुरकुरतो, पातळ किंवा जाड होतो, मधेच यंत्रासारखा तुटतो. हे मोडेमला सांगणाऱ्या आज्ञा त्याच्या स्वतःच्या स्मृतीत राहतात. म्हणून फोनवर नवी सिस्टिम चढवली तरी जुनं बिघडलेलं माप तसंच उरतं, आणि माणूस चक्रावतो की सगळं पुसलं तरी दोष कसा गेला नाही.

प्रतिध्वनीची गोष्टही याच तारेशी जोडलेली आहे. कॉलवर समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर दोष त्याच्या फोनचा नाही, तुमच्या फोनचा. तुमच्या कानाच्या स्पीकरमधून निघालेला त्याचा आवाज फोनच्या पोकळीतून तुमच्या माइकमध्ये शिरतो आणि परत जातो. ज्याला त्रास होतो तो बिचारा आपलाच फोन झटकत बसतो. यावर प्रतिध्वनी वजा करणारं सॉफ्टवेअर लिनक्समध्ये आहे, आवाज हाताळणाऱ्या पल्सऑडिओतही आणि विम टायमन्स यांनी उभारलेल्या पाइपवायरमध्येही. जाँ-मार्क व्हालँ यांनी २०१७ मध्ये केलेलं आरएननॉइज हे गोंगाट गाळणारं सॉफ्टवेअरही पाइपवायरला जोडता येतं. हे सगळं मी उत्साहाने बसवलं, आणि कॉलवर तसूभर फरक पडला नाही.

कारण समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पाइनफोनमध्ये साध्या कॉलचा आवाज माइकच्या चिपमधून थेट मोडेमच्या तारेवर जातो. मुख्य प्रोसेसरवर, जिथे पाइपवायर बसलेलं असतं, तिथे तो येतच नाही. बॅटरी वाचावी म्हणून ही वाट निवडली आहे, बोलत असताना प्रोसेसर निवांत राहू शकतो. पण रस्त्यात नसलेल्या गाळणीने पाणी गाळलं जाणार कसं? लिब्रेम ५ मध्ये उलट आहे. तिथे मोडेमचा आवाज वायस नावाची सेवा पल्सऑडिओमधून फिरवते, म्हणजे गाळणी वाटेत बसवता येते. तेव्हा एका फोनवर चाललेला उपाय दुसऱ्यावर चालेलच असं नाही. आधी आपल्या फोनमध्ये आवाज प्रोसेसरमधून जातो की बाजूने, एवढं शोधा. इंटरनेटवरून होणारे कॉल, जित्सीसारखे, दोन्ही फोनांत प्रोसेसरमधूनच जातात, म्हणून तिथे गाळणी काम करते. साध्या कॉलवरच्या प्रतिध्वनीला पाइनफोनवर सोपे उपाय दोनच. कानातला आवाज दोन पायऱ्या कमी करा, किंवा तारेचे इअरफोन लावा, म्हणजे स्पीकर आणि माइक यांची भेटच होत नाही.

तारेचा इअरफोन हे तपासाचंही उत्तम साधन आहे. तो लावून कॉल स्वच्छ झाला तर मोडेम आणि नेटवर्क निर्दोष. ब्लूटूथचं मात्र तपासाच्या वेळी नाव काढू नये. गाण्याला त्याची एक रीत, बोलण्याला दुसरी, आणि बोलण्याच्या जुन्या रीतीत आवाज पुन्हा ८,००० आकड्यांवरच येतो. एका अनिश्चित गोष्टीत दुसरी कशाला मिसळायची?

घुमणं गेलं, फाटणं गेलं. 'स' मात्र अजून जात नव्हता. मग घरातल्या जुन्या अँड्रॉइडमध्ये तेच सिम घातलं आणि वाडीतल्या नेहमीच्या जागेवरून मावशीशी बोललो. तिला 'सहा' पहिल्या झटक्यात कळलं. म्हणजे टॉवर ठीक, सिम ठीक. मग लिनक्स फोनवर कॉल चालू असताना वरच्या पट्टीकडे पाहिलं. एरवी ४जी असलेलं चिन्ह कॉल लागताच २जी होत होतं.

४जी जाळं मुळात माहितीसाठी बांधलेलं आहे. त्यावरून बोलायचं तर व्होएलटीई लागतं, आणि त्यासाठी त्या त्या नेटवर्कची जुळणी मोडेममध्ये भरलेली असावी लागते. ती नसेल तर फोन कॉलपुरता खाली २जीवर उतरतो. एअरटेलने २०२० मध्ये ३जी बंद केलं, त्यामुळे तिथे ४जीच्या खालची पायरी थेट २जी आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालेल्या जिओला तर २जी नाहीच, तिथे व्होएलटीई जुळलं नाही तर साधा कॉल लागणारच नाही. फोन घेण्याआधी हे तपासावं असं मी प्रत्येकाला सांगतो. ११२ लावायची वेळ आली तर फोन बोलला पाहिजे. ती खात्री होईपर्यंत दुसरा साधा फोन जवळ ठेवावा.

२जीच्या कॉलमध्ये आवाजाचा पट्टा ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच. स्वर आणि बरीचशी व्यंजनं त्यात मावतात. पण 'स' म्हणजे दातांमधून सुटलेली हवेची धार, तिची बहुतेक ताकद ४,००० हर्ट्झच्या वर. ती पट्ट्याच्या बाहेर राहते. 'सहा'मधला 'स' गेला की उरतो 'हा', आणि कान सवयीने त्याच्यापुढे काहीतरी लावतो. मावशीने 'द' लावला. व्होएलटीईवर सहसा मिळणारा रुंद पट्टा ५० ते ७,००० हर्ट्झचा असतो, त्यात 'स' येतो. आपल्या भाषेत हे नुकसान मोठं आहे, कारण सहा, सात, साठ, सत्तर, शंभर, सगळा हिशेब 'स' आणि 'श' वर उभा. आणि २जीची आणखी एक खूण. त्याचा रेडिओ दर ४.६१५ मिलिसेकंदांनी धडका देत पाठवतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा. जवळच्या स्पीकरमध्ये जी परिचित घरघर येते ती हीच. माइकच्या तारा नीट झाकलेल्या नसतील तर तीच घरघर तुमच्या कॉलमध्येही शिरते. कॉल ४जीवर गेला की ती नाहीशी होते, यावरूनही निदान करता येतं.

मोडेममध्ये योग्य जुळणी निवडून तो पुन्हा सुरू केल्यावर माझा कॉल ४जीवर टिकू लागला. त्यानंतर मी मावशीला रोज वीस आकडे वाचून दाखवायचो, उलटसुलट, सहा, दहा, साठ, आठ, सात, आणि ती ऐकू आलेलं कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची. सूक्ष्म यंत्रांपेक्षा ही चाचणी मला जास्त भरवशाची वाटते. एकदा कव्हर घालून, एकदा काढून, एकदा बूस्ट एक पायरी वर, एकदा खाली, एका वेळी एकच बदल. कोणत्या बदलाने किती आकडे सुधारले ते कॅलेंडरवर दिसतं. मे महिन्याचं पान भरलं तेव्हा वीसपैकी वीस येत होते.

नायगाव आणि भाईंदरच्या मधे खाडीच्या पुलावर मात्र गाडीत अजूनही कधी कधी ४जी सुटतं आणि कॉल खाली उतरतो. तिथून फुलांचा आकडा सांगायची वेळ आली की मी म्हणतो, "सहा, पाच नि एक." मावशी पलीकडून तेच परत म्हणते, आणि मगच फोन ठेवते.